सूर धरणारा

२ डिसेंबर

छातीच्या डॉक्टरांचं म्हणणं, दम कधी लागतो ते रोज लिहून ठेवा आणि महिन्याने आणून दाखवा. दम लागत नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यावर एतमाद मध्येच बोलली, "लागतो, डॉक्टरसाहेब. गच्चीवर कबुतरांना दाणे टाकायला जातात आणि तिथेच बसून राहतात. हाक मारली तर ओ देत नाहीत." बायकोला दवाखान्यात नेऊ नये.

तर ही वही. डॉक्टर कैरोचे आहेत, त्यांना आमच्याकडचं काही ठाऊक नसणार, म्हणून आधी थोडं लिहितो. माझं नाव केनावी. थोडा ऊस आहे, पण लोक मला रैस, म्हणजे उस्ताद, म्हणतात ते मिझमारमुळे. मिझमार म्हणजे आमची सनई. लग्नात दोघं वाजवतात. एक चाल वाजवतो, तो मी. दुसरा एकच सूर धरून बसतो, तो माझा मेव्हणा शाझली. सूर धरायला अक्कल लागत नाही, दम पुरतो.

आमचा आवाज मध्ये तुटत नाही. गालात वारा साठवायचा, गाल तो सनईत ढकलत असताना नाकाने नवा आत घ्यायचा. ऐकणाऱ्याला कळत नाही की हा माणूस श्वास कधी घेतो. माझा सूर आजवर एकदाही तुटलेला नाही. अशा माणसाला दम लागतो का, हे डॉक्टरांनीच ठरवावं.

१० डिसेंबर

केना शहरात जाऊन फुंकण्याची तपासणी करून आलो. तिथल्या माणसाने हातात नळी दिली. म्हणाला, "छाती भरून घ्या, काका, आणि संपेपर्यंत फुंकत राहा." नाकाला एक चिमटा लावला, तो सैल होता, फुंकायला लागताच गळून पडला. त्याने पाहिलं नाही. मी सांगितलं नाही.

फुंकलं. तो यंत्राकडे बघत होता. मग माझ्याकडे बघायला लागला. मग उठून शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून आणलं. शेवटी म्हणाला, "काका, आता थांबा. कागद संपला." संपेपर्यंत फुंका म्हणाला होता, संपेना त्याला मी काय करू?

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हसले. एवढ्या वर्षांत असली फुप्फुसं बघितली नाहीत म्हणे. ऊस तोडायच्या आधी पाचट जाळतात, त्या धुराचा त्रास असेल. खोकल्याचं औषध दिलं. पायघोळ गलाबियावर गलाबिया, त्यावर शाल असा मी बसलेलो, कपडे काढायला त्यांनी सांगितलं नाही आणि थंडीत मीही आपणहून काढले नाहीत.

कागद घडी घालून खिशात ठेवला. कॉफीच्या दुकानात दोघातिघांना दाखवला. शाझलीलाही दाखवला. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "रैस, नाकाला चिमटा होता का?"

मत्सर, दुसरं काय.

१९ डिसेंबर

दम लागला नाही. संध्याकाळी वहाणा पायाला घट्ट होतात, सकाळी पुन्हा सैल. चामडं हलकं निघालं. चांभाराला जाऊन बोललो. तो माझ्या वहाणांकडे न बघता पायांकडेच बघत होता.

२७ डिसेंबर

एतमादची बहीण आली होती. म्हणाली, "भावजींचे गाल बघ, नवरदेवासारखे लाल झालेत." मला बरं वाटलं. काकवी आणि तिळाच्या ताहिनीचा तो गुण. एतमाद हसली नाही.

उशीतला कापूस दबलाय, म्हणून दोन घेऊन झोपतो. आज पाहतो तर पलंगावर तिसरी. मी मागितली नव्हती. ती म्हणाली, "असू द्या."

खोकला आहे. पाचट जाळणं अजून चालू आहे.

९ जानेवारी

काल वरच्या आळीची मुलगी खालच्या आळीत दिली. या दोन आळ्यांचं जुनं वैर. पाटाच्या पाण्यावरून एक माणूस गेला होता. हे लग्न म्हणजे त्या भांडणावर घातलेली माती. त्यामुळे लाठीचा खेळ होणार का, यावर आधी बराच खल झाला. शेवटी झाला.

खेळाचा आमच्याकडचा नेम असा की, चाल चालू आहे तोवर लाठी उचलायची, चाल थांबली की जिथे असेल तिथून खाली. मारणारा असो की चुकवणारा. म्हणून चाल मध्येच तुटली तर भलतंच होतं. ज्याचा डाव बसणार होता, त्याची माणसं म्हणतात, वाजवणारा फितूर. गेल्या पिढीत एका वाजवणाऱ्याला गाव सोडावं लागलं होतं.

वरच्या आळीचा हम्माम आणि खालच्या आळीचा एक पैलवान गडी रिंगणात होते. खेळ रंगला. हम्मामची लाठी वर गेली, आणि नेमकं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं. छातीत पिशवीत कोंबडी धडपडावी तसं काहीतरी झालं. क्षणभर वाटलं, गेला सूर. पण कानांवर चाल येत होती, जशीच्या तशी, म्हणजे मी वाजवत होतो. सवय अशी असते. माणूस अर्धा झोपला तरी बोटं आपलं काम करतात.

गेला तो शाझलीचा सूर. माझ्या मागे आधाराला असतो तो आवाज एकदम नाहीसा झाला, चाल नुसती उघडी पडली. बऱ्याच वेळाने परत आला. माणसाला एकच काम, एकच सूर, आणि तोही धरता येत नाही. ऐकणाऱ्यांना कळलं नाही, लाठ्या वेळेवर खाली आल्या, दोन्ही आळ्या गळ्यात गळे घालून जेवल्या. पण मला तर कळलं ना.

नंतर सगळ्यांसमोर त्याला झापलं. "झोप लागली होती का?" तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, रैस." ढोलवाला बदरी पुढे आला आणि म्हणाला, "त्याला बोलू नका, रैस." मी म्हटलं, "तू ढोल बडव."

१५ जानेवारी

ठरवलं. पुढच्या लग्नांना शाझली नको. लक्सरकडचा एक जण आहे, सूर चांगला धरतो असं ऐकून आहे. एतमादला सांगितलं. तिचा भाऊ असला तरी धंदा तो धंदा.

तिने हातातली मुलुखियाच्या पाल्याची जुडी खाली ठेवली. "तुम्हाला काहीच दिसत नाही का हो?"

म्हटलं, "चष्मा घरातच कुठेतरी आहे."

ती रडायला लागली. चष्मा शोधून दिला तरी थांबेना. बायकांचं माहेर म्हणजे अवघड जागेचं दुखणं.

२५ जानेवारी. अस्यूत

हे इस्पितळात लिहितोय. परवा उसात होतो. खोकला आला आणि थांबेना. तोंडाला गुलाबी फेस आला. सकाळी करकदे प्यायलो होतो, अंबाडीच्या फुलांचं ते लाल सरबत, त्याचा रंग असेल असं मी म्हणणार होतो, पण बोलायला वारा नव्हता. नाकाने घ्यायला गेलो, येईना. तोंडाने घ्यायला गेलो, येईना. असं याआधी कधी झालं नव्हतं. घाबरलो. हे लिहायला लाज वाटते, पण घाबरलो.

शाझलीने मला उचलून उसाच्या ट्रॅक्टरवर घातलं. आडवं करू लागले तेव्हा तो ओरडला, "बसवा, बसवा, आडवं करू नका त्यांना." हे त्याला कुठून ठाऊक, देव जाणे. केनाहून पुढे अस्यूतला गाडीत तो मला पाठीमागून धरून बसला होता, पाठीला पाठ नव्हे, छातीला माझी पाठ लावून. कामावरून काढलेल्या माणसाच्या मांडीवर बसून आलो म्हणायचं.

२७ जानेवारी

इथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव मादलेन. केस पांढरे, बोलणं तुटक. मी केनाचा कागद पुढे केला आणि सांगितलं की फुप्फुसं उत्तम आहेत. त्यांनी कागद वाचला.

"धंदा काय तुमचा?"

"मिझमार."

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "गलाबिया काढा. दोन्ही." मग छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकत बसल्या. आमच्याकडे चांगला ऐकणारा असाच बसतो. त्यानंतर विचारलं, "लहानपणी ताप येऊन गुडघे सुजले होते का?"

सुजले होते. बाबांनी मला गरम वाळूत कमरेपर्यंत पुरून ठेवलं होतं. गुडघे बरे झाले. त्या म्हणाल्या, "गुडघे बरे होतात. तो ताप गुडघ्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो."

संध्याकाळी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. राखाडी काहीतरी हलत होतं. बाईंनी बोट ठेवून समजावलं. हृदयाच्या दोन बाजू. उजवीकडे अंगभर फिरून दमलेलं रक्त येतं, ती बाजू ते फुप्फुसांत पाठवते. तिथे ते वारा घेतं, ताजं होतं आणि डाव्या बाजूला उतरतं. डावी बाजू ते सगळ्या अंगाला पाठवते. दोघींचं काम एकाच ठेक्यावर चालतं. डावीकडे आत शिरताना मध्ये एक दार आहे, दोन पातळ पडद्यांचं. माझे पडदे त्या तापाने हळूहळू जाड होऊन एकमेकांना चिकटलेत. दार जेमतेम किलकिलं होतं.

मी म्हटलं, "म्हणजे पाटाचं दार गंजलंय."

"हो."

"आणि मागून पाणी येतच राहतं, म्हणून वरचं शेत चिबडलंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अगदी तसंच. फुप्फुसं म्हणजे ते वरचं शेत. आडवे झालात की पायांतलंही पाणी तिकडेच धावतं, म्हणून तीन उश्या लागतात. उश्यांचं तुमच्या बायकोने सांगितलंय."

"शेतात खोट नाही, हे मी पहिल्यापासून सांगतोय."

"शेतात खोट नाही," बाई म्हणाल्या, "पण चिबडलेलं शेत किती दिवस टिकतं, ते तुम्ही मला सांगा."

ते मला ठाऊक आहे. सांगितलं नाही.

२९ जानेवारी

छाती उघडून दार बदलायचं म्हणतात. धातूचं बसवतील. नाही बदललं तर हा उसाचा हंगाम संपलेला मी बघणार नाही, असं बाईंनी सांगितलं, तेही औषधाची वेळ सांगावी तशा आवाजात. मला ते आवडलं.

पण दार बदलताना हृदय थांबवावं लागतं. फुप्फुसंही थांबवतात. तेवढा वेळ एक यंत्र रक्त बाहेर घेणार, त्यात वारा भरणार आणि परत अंगात सोडणार. मी विचारलं, तेवढा वेळ माझा श्वास कुठे असेल? बाई म्हणाल्या, "यंत्रात."

नाही म्हणून सांगितलं.

एतमाद पाया पडली. साबरा, आमची मुलगी, सुएझहून फोनवर ओरडली. सगळ्यांना वाटतं मी मरणाला भितो. मरणाला कोण भीत नाही? पण गोष्ट ती नाही. माझा श्वास मी आजवर कुणाच्या हाती दिलेला नाही. धरणारा सूर धरतो, ढोलवाला ढोल वाजवतो, पण चाल माझ्या श्वासावर चालते. ती दुसऱ्याने चालवायची आणि मी तिथे लाकडासारखं पडून राहायचं, हे होणार नाही. हे इथे लिहिलं, कारण बोलून दाखवलं तर लोक हसतील.

३१ जानेवारी

आज ते यंत्र चालवणारी मुलगी येऊन गेली. इनास नाव. साबराच्या वयाची, नखं अगदी बारीक कापलेली. मादलेनबाईंनी पाठवलं असणार. म्हणाली, "काका, तुम्ही नको म्हणता ते ठीक आहे. मला फक्त सांगा, भीती कशाची वाटते."

"भीती नाही. मध्ये तुटलं तर?"

"तुटू द्यायचं नाही, तेवढंच माझं काम. तुमचं हृदय अजून चालू असतानाच मी हळूच सुरू करते. थोडं तुमचं, थोडं माझं. मग तुमचं थांबतं आणि सगळं माझ्यावर येतं. शेवटी तुमचं पुन्हा उचल घ्यायला लागलं की मी तसंच हळूहळू मागे सरते."

"आणि माणसाला कळत नाही?"

"काम नीट झालं तर कुणालाच कळत नाही. वाटतं, सगळं आपलं आपणच चाललं होतं."

"तू तेव्हा काय बघतेस? यंत्राकडे?"

"यंत्राकडे कमी, काका. तुमच्याकडे जास्त. कधी लागणार ते आधी कळायला हवं ना."

ती गेल्यावर मला हम्मामची वर गेलेली लाठी आठवली. शाझली जेवण घेऊन आला. एतमादने उन्हात फुगवलेल्या भाकरी आणि भरलेलं कबुतर पाठवलं होतं. इथे ते चालत नाही, तोच खायला बसला.

मी विचारलं, "वरच्या आळीच्या लग्नात तुझा सूर गेला होता. तेव्हा तू कुठे होतास?"

"शेजारीच होतो की."

"ते नाही विचारलं. तुझी सनई कुठे होती?"

त्याने घास चावून संपवला. घाई केली नाही. "तुमच्या चालीत," म्हणाला.

"पहिल्यांदाच?"

"नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. आधी कधीतरी. मग प्रत्येक लग्नात."

"म्हणजे चाल वाजत होती आणि मी नुसता..."

"तुम्ही वाजवतच होता, रैस. मधूनमधून वारा कमी पडायचा, तेवढ्यापुरता मी. तुमच्या गळ्याची शीर उडायला लागली की समजायचं. तिच्याकडे बघत बसायचो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाजवणं सोडलं असतं?"

"नाही. तुला सोडलं असतं."

"तरी सोडलंतच," तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

मला राग आला पाहिजे होता. मी वाट बघितली, पण आला नाही. लाज आली. तीही पुरती येईना, कारण त्याच्या मिशीला कबुतराचा मसाला लागला होता आणि तो नेहमीसारखा दिसत होता. दोन वर्षं माझा श्वास या माणसाच्या तोंडात होता, आणि मला वाटत होतं सगळं आपलं आपणच चाललंय. त्याबद्दल त्याने एकदाही काही मागितलं नाही. मी त्याला चारचौघांत झापलं तेव्हाही नाही.

संध्याकाळी परिचारिकेला बोलावून सही केली. एतमादला सांगू नका, मी सांगेन, असं म्हटलं. तिला आधीच कळलं होतं.

३ फेब्रुवारी

उद्या सकाळी. इनासला निरोप पाठवला की जेवून ये, रिकाम्या पोटी दम टिकत नाही. तिने उलट निरोप पाठवला की जेवायचं नाही ते तुम्ही.

भीती वाटते.

२२ फेब्रुवारी

अजून फार वेळ बसवत नाही, म्हणून थोडंच. जिवंत आहे. छातीला मधोमध टाके आहेत, खोकलं की देव आठवतो. त्या दिवसाचं काही आठवत नाही. इनास आली तेव्हा विचारलं, तुटलं का? म्हणाली, नाही.

काल पलंग सपाट केला. एका उशीवर झोपलो.

६ मार्च. घरी

नव्या दाराचा आवाज येतो. टिक, टिक. तोंड उघडलं की जास्त. शेजारच्या पोरी येऊन ऐकून जातात. एतमाद म्हणते, आता तुम्ही घरात कुठे आहात ते हाक न मारता कळतं.

मादलेनबाईंनी सांगितलंय, सहा महिने फुंकायचं नाही. मग तपासून बघू. चाल पुन्हा जमेल का, असं मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की तसला जोर बहुतेक नाही जमणार. त्यांना गोड बोलता येत नाही. मी गच्चीवर जाऊन रडून आलो. चढताना कुठे बसावं लागलं नाही.

१३ मार्च

काल खालच्या आळीत लग्न होतं. मी गेलो नाही, घरातून ऐकलं. शाझलीने चाल वाजवली. सुरुवातीला जरा घाई करत होता, मग बसला. खेळ लांबला, शेवटी शेवटी लोकांचा आवाज वाढला, तरी चाल कुठे तुटली नाही. चांगली वाजवली. मला हेवा वाटला. अजूनही वाटतोय.

आज दुपारी तो आला. चहा झाला. एतमादशी तिच्या म्हशीबद्दल बोलला, नको तेवढं बोलला. मी मध्येच विचारलं, "काल मागे सूर कुणी धरला होता?"

"कुणीच नाही."

"ते कळलंच. चाल उघडी पडत होती. लक्सरचा तो आहे की, त्याला बोलाव."

"नको."

"मग कुणाला?"

त्याने पेला खाली ठेवला. माझ्याकडे बघेना. "सहा महिने चालवीन तसाच, रैस. मग तुम्ही बसा ना शेजारी. नुसता सूर धरायचा. जमला तेवढा. जमला नाही तर मी आहेच."

मी जन्मात दुसऱ्या जागेवर बसलेलो नाही. तसं त्याला सांगितलंही. बाप शिकवायचा तेव्हासुद्धा पहिल्याच दिवशी चाल दिली होती, हेही सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हटलं, "विचार करून सांगतो."

"सांगा," म्हणाला आणि उठला.

तो वहाणा घालून दारापर्यंत पोचला नव्हता, तेवढ्यात सांगितलं.